चिकूखालची झोळी

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तेव्हा सात महिन्यांची होतीस आणि तुला ऊन माहीत नव्हतं. काचेतून आत येऊन गालिच्यावर चौकोनी पडणारं ऊन तू पाहिलं होतंस, पण अंगावर घेतलं नव्हतंस. तुझा जन्म परदेशातला, थंडीच्या तोंडावरचा. त्यानंतर जेव्हा जेव्हा तू घराबाहेर पडलीस तेव्हा मोजे, हातमोजे, कानटोपी आणि तो पिशवीसारखा जाड कोट घालून. नाकाचा शेंडा सोडला तर तुझ्या अंगाला बाहेरची हवा लागलीच नव्हती.

हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. यातलं बाळ म्हणजे मोठी. धाकट्याने रुसू नये, तो आमच्याकडे अजून यायचा आहे. मला इंग्रजीत लिहिणं सोपं गेलं असतं, माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण वाडीतला तो उन्हाळा मराठीत घडला, म्हणून मराठीतच लिहिते. तुमची आई, म्हणजे माझी लेक, वाचून दाखवेल.

आमचं घर एडवणच्या बाजूला, समुद्रापासून चालत पंधरा मिनिटांवर. भोवती आजोबांच्या घरची जुनी वाडी आहे, चिकूची आणि नारळाची. मी मात्र वाडीतली नव्हे. माझी नोकरीची सगळी वर्षं बोईसरला गेली, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. काचेच्या नळ्या, तापमापी आणि चौकटीच्या वह्या यांच्यात मी रमले. निवृत्त झाल्यावर इथे राहायला आले तेव्हा एक तापमापी आणि रिकाम्या वह्यांचा गठ्ठा बरोबर आणला. म्हणजे मी कशी बाई आहे ते तुमच्या लक्षात येईल.

एप्रिलच्या मध्यात तुम्ही आलात, तू आणि आई. बाबांना सुट्टी नव्हती. तुझ्यासाठी आतल्या खोलीला एसी बसवून घेतला होता, खिडक्यांना जाड पडदे लावले होते. गाडीतून उतरून तू थेट त्या खोलीत गेलीस आणि तीन दिवस तिथेच राहिलीस. मी दारात आले की तुझा खालचा ओठ हळूहळू पुढे यायचा, थरथरायचा, आणि मग तू असा सूर लावायचीस की आजोबा ओटीवरून उठून वाडीत निघून जायचे.

गंमत म्हणजे फोनवर आपली चांगली ओळख होती. रोज संध्याकाळी मला पडद्यावर पाहून तू हसायचीस. म्हणून चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून पलीकडच्या खोलीत व्हिडिओ कॉल लावला. तू खुदकन हसलीस, हात पुढे केलास. मी फोन तसाच तोंडासमोर धरून, बोलत बोलत दारापर्यंत आले आणि फोन खाली घेतला. तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्या चपट्या, गार, वास नसलेल्या बाईच्या मागे एवढी मोठी दुसरी बाई दडली असेल अशी तुला कल्पनाच नसावी. तू श्वास रोखलास, आणि मग नेहमीचं सुरू झालं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण परत जाण्यासाठी आईला मुंबईला जाऊन व्हिसाचा शिक्का घ्यायचा होता. तारीख ठरलेली होती, तिथून तीन आठवड्यांवर. पहाटे निघून संध्याकाळी परत. वकिलातीच्या आत बाळ घेऊन जाता येईल की नाही याची खात्री नव्हती आणि बाहेर रस्त्यावर मे महिन्याच्या उन्हात बाळ घेऊन कोण उभं राहणार? तो शिक्का मिळाला नाही तर आईची नोकरी जाण्याची वेळ होती. तारीख चुकली तर दुसरी कधी मिळेल ते कोणी सांगत नव्हतं. थोडक्यात, तीन आठवड्यांत तुला माझ्याकडे एक आख्खा दिवस राहायला शिकायचं होतं. आईने मला सरळच सांगितलं, "ती राहिली नाही तर मी जाणार नाही. तिला रडत टाकून मी रांगेत उभी राहू शकत नाही." सात महिन्यांत आई सलग चार तास झोपली नव्हती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि चहा रोज अर्धा पिऊन तसाच राहायचा.

मग मी मला जे येतं ते केलं. वही घेतली, चौकट आखली. पहिल्या दिवशी आजीकडे पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशी वीस. पुढच्या रकान्यात रडण्याची वेळ. पहिल्या दिवशी तू पाचच्या पाच मिनिटं रडलीस. दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा. आजोबांनी माझ्या खांद्यावरून वहीत पाहिलं आणि म्हणाले, "अगं, बाळ आहे ते. रसायन नाही, थेंब थेंब वाढवायला." मी वही मिटली नाही, पण तिसरा आकडा पेनाऐवजी पेन्सिलीने लिहिला.

आमच्याकडे उन्हाळ्यात शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. त्या शुक्रवारी नऊला गेली. अकरापर्यंत खोलीतला गारवा संपला, पडदे उघडले तर भिंती तापलेल्या. तू घामाने भिजून किरकिरायला लागलीस. आईने तुला उचललं आणि इकडून तिकडे फेऱ्या घातल्या. मी म्हटलं, चिकूखाली चला. आई माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आई, तुला बाळं वाळत घालायची जुनी सवय आहे."

हा टोमणा तुम्हाला समजावून सांगायला हवा. तुमची आई लहान होती तेव्हा आम्ही बोईसरच्या वसाहतीत राहायचो. बाळ कसं वाढवावं याचं एक इंग्रजी पुस्तक माझ्याकडे होतं, त्यावर माझा फार विश्वास. त्यात लिहिलं होतं की बाळाला रोज सकाळी अकराला कोवळ्या उन्हात बागेत ठेवावं. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या गावी अकराला ऊन कोवळं असेल. मी घड्याळ लावून, एप्रिलच्या अकराला, तुमच्या आईला गच्चीत चटईवर ठेवलं. शेजारी शेजारणीचे पोह्याचे पापड होते. तिसऱ्या दिवशी शेजारीण पापड उलटायला आली आणि तिने आधी बाळ उचललं. आठवडाभर बाळाचं अंग घामोळ्यांनी लाल होतं. ही हकीकत आमच्या घरात दर वर्षी सांगितली जाते, आणि दर वर्षी मी उठून चहा टाकायला जाते.

म्हणून मी वाद घातला नाही. तापमापी घेऊन गेले, चिकूच्या खालच्या फांदीला अडकवली, दहा मिनिटांनी आईला आणून दाखवली. पारा ओटीपेक्षा खाली होता. आई नाइलाजाने तुला घेऊन बाहेर आली.

त्या झाडाविषयी थोडं सांगते. ते आजोबांच्या आजोबांनी लावलेलं. फांद्या खालपासून आडव्या पसरलेल्या, पानं इतकी दाट की खाली दुपारीही पहाटेसारखा उजेड असतो. ऊन तिथे येतं ते नाण्यांएवढं होऊन, आणि वारा आला की ती सगळी नाणी एकदम सरकतात. आई तुला मांडीवर घेऊन झाडाखालच्या खाटेवर बसली. तू रडणं अर्धवट सोडलंस. वर पाहिलंस. तुझ्या तोंडावर उजेडाचे ठिपके फिरत होते, एक डोळ्यावर आला तेव्हा तू डोळा मिटलास, तो सरकला तेव्हा उघडलास. तुझ्या उघड्या पोटावरून समुद्राकडचा वारा गेला. तुझ्या पायाची बोटं पसरली, पंख्यासारखी. तू श्वास घेतलास, सोडलास, आणि परत घेतलास, जणू तो तू स्वतः घेते आहेस हे तुला आत्ताच कळलं. लांब कुठेतरी नारळाची झावळी पडली. त्या आवाजाकडे तू मान वळवलीस आणि वळवून ठेवलीस. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वीज कधी आली तेही आम्हाला कळलं नाही.

मी मात्र मधेच घोटाळा केला. तू इतकी शांत आहेस असं पाहून खाटेजवळ गेले, वाकले, तुझ्या डोळ्यांत पाहून हसले. झालं. ओठ पुढे आला.

वाडीत पाणी सोडायला, पाला गोळा करायला एक जोडपं राहत होतं. जव्हारकडच्या डोंगरातलं. भात झालं की ती दोघं खाली उतरायची, पावसाआधी आपल्या शेताकडे परत जायची. तुमची आई त्या बाईंना मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणते. मावशींची चार मुलं अशीच झाडांखाली वाढली होती. त्या पाटाचं पाणी वळवता वळवता आमच्याकडे पाहत होत्या. तू ओरडायला लागलीस तशी फावडं टेकवून जवळ आल्या. तुझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आईला म्हणाल्या, की हिला झोळीत घाला, लुगड्याच्या. मग मला म्हणाल्या, की झोळी आईच्या अंगावरच्या लुगड्याची लागते.

आता तुमच्या आईकडे लुगडं कुठून येणार? ती दिवसभर टी-शर्टात. मी माझी एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी काढली. मावशींनी ती हातात घेतली, वास घेतला आणि मान हलवली. त्यात माझा वास होता आणि माझी तर तुला ओळखच नव्हती. मग त्यांनी उपाय सांगितला: तायने, म्हणजे तुमच्या आईने, दोन रात्री ही साडी पांघरून झोपावं, मग झोळी बांधू. आईला हे शास्त्रीय वाटलं, ती दोन रात्री ती साडी गुंडाळून झोपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोली आवरायला गेले. साडी पलंगावर चोळामोळा होऊन पडलेली, घामट, दुधाचे डाग पडलेली. आपल्या नातीची पहिली झोळी, आणि ही अशी? माझ्या हातांनी पुढचं सगळं आपोआप केलं. साबण, नीळ, भाताचा चांगला घट्ट मांड, कडक ऊन, आणि इस्त्री. दुपारी घडी घातलेली साडी ताटात ठेवावी तशी दोन्ही हातांवर घेऊन मी मावशींसमोर उभी राहिले.

त्यांनी घडी उलगडली. साडी ताठ उभी राहिली, पत्र्यासारखी. त्यांनी एक टोक नाकाशी नेलं आणि मग खाली बसून हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

"काकी, वास धुवून काढला तुमी," त्या म्हणाल्या. "पोर काय कलेक्टर हाय, इस्त्रीच्या झोळीत निजायला?"

आईसुद्धा हसली. आल्यापासून तिला पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं. पण माझे दोन दिवस फुकट गेले होते, आणि आईचे पुन्हा दोन दिवस जाणार होते. कॅलेंडरवर तारीख जवळ येत होती. साडीतला मांड काढायला मी ती तीनदा पाण्यातून काढली, आई पुन्हा दोन रात्री ती पांघरून झोपली, आणि त्यानंतर मी आतल्या खोलीत आवरायला गेलेच नाही.

झोळी बांधली ती चिकूच्या आडव्या फांदीला. आईने तुला आत ठेवलं. साडीच्या दोन्ही बाजू तुझ्यावर मिटल्या, फक्त वर एक फट राहिली, होडीसारखी, आणि त्या फटीतून पानं दिसत असावीत. तू आधी हात झाडलेस, मग नाक साडीला घासलंस आणि थांबलीस. आई खाटेवर आडवी झाली. मावशींनी झोळीला एक लांब दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, पार पलीकडे, खोडाच्या दुसऱ्या अंगाला. तिथे मला पाठ करून बसवलं.

मी मान वळवायला लागले, तशा त्या हळूच म्हणाल्या, "तिच्याकडं बघू नका, काकी. आल्यापासनं तुमी तिला नुसतं बघताय. पोराला एवढं कोन बघतं? तुमी तुमचं काम करा. तिला तुमाला बघू दे."

मला तेव्हा कळलं की चौकटीत मी सगळं लिहिलं होतं, फक्त हे सोडून, की त्या प्रत्येक मिनिटाला मी तुझ्याकडे टक लावून बसले होते. नळीतला रंग बदलतो का पाहावं तशी.

काम भरपूर होतं. वर्षाच्या चिंचा फोडायच्या होत्या. हात चिंचेत गुंतले म्हणून मी दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं. पाय हलवला की झोळी हलायची. तसे आपले दिवस सुरू झाले. सकाळी नऊ ते साडेदहा, पुन्हा चारनंतर. मी पाठमोरी, पुढ्यात सूप, हातात चिंच, मागे तुझी झोळी. मला तू दिसत नव्हतीस, पण दोरीतून सगळं समजायचं. तू जागी असलीस की दोरी बारीक बारीक थरथरायची. कुशीवर वळलीस की एक हिसका. झोप लागली की दोरी जड आणि सारखी व्हायची, आणि मग माझेही डोळे जड व्हायचे. पान पडायचं, चिंचेचा आंबट वास यायचा, समुद्राची गाज ऐकू येते की वाराच आहे ते समजायचं नाही. मी आयुष्यात इतका वेळ कशाकडेही न पाहता बसले नव्हते.

पाचव्या दिवशी असेल. अंगठ्याला ओढ बसली. नेहमीचा हिसका नव्हे. कोणीतरी धरून ओढावं तशी. मी थांबले. पुन्हा ओढ. तुला झोळीच्या काठावरची दोरी सापडली होती. मी पाय जरासा मागे घेतला, म्हणजे तिकडे ओढ बसली असणार. झोळीत शांतता. मग तू जोरात ओढलंस. मी पुन्हा ओढलं. मागे एक आवाज आला, हसण्याच्या आधीचा, घशातला. आई खाटेवरून म्हणाली, "आई, ती हसते आहे." मी मान वळवली नाही. चिंच फोडत राहिले. चिंच मला धड दिसतही नव्हती.

मग तू झोळीतून चटईवर आलीस. त्या वयाला तू पोटावर सरकायचीस, कोपरांवर, एक पाय मागे ओढत. चिंचोके तू तोंडात घालशील म्हणून मी चिंचा बंद केल्या आणि त्यांच्याऐवजी गवार मोडत बसले. तू सरकत यायचीस, थांबायचीस, एक पान उचलायचीस, त्याच्या दोन्ही बाजू पाहायचीस, ते टाकायचीस. एक मुंगी तुझ्या मनगटावरून चालत गेली तर तू तो हात हवेत तसाच धरून ठेवलास, ती दुसऱ्या बाजूने उतरेपर्यंत. मावशींची कोंबडी पिल्लं घेऊन आली तेव्हा तू श्वास घ्यायची विसरलीस. आणि एका सकाळी, मी गवार मोडत असताना, काहीतरी ओलसर, मऊ माझ्या पायाला लागलं. तू माझा अंगठा धरला होतास. दोरीच्या टोकाला काय आहे ते पाहायला आली असशील. मी हलले नाही. तू अंगठा वाकवलास, सरळ केलास, आणि मग हळूहळू वर पाहत पाहत माझ्या चेहऱ्यापर्यंत आलीस. आपली खरी ओळख झाली ती तेव्हा.

मग मधले दिवस एकमेकांत मिसळून गेले आहेत. संध्याकाळी एडवणच्या किनाऱ्यावर तुला ओल्या वाळूत उभं केलं, आईने बगलेत धरून. लाट आली, तुझे घोटे भिजले, लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकली आणि तू खाली पाहून विचारात पडलीस. अंगणात घंगाळात तुला अंघोळ घातली. उन्हात तापलेलं पाणी, वरून आंब्याची वाळकी पानं पडलेली. जाम, ते पांढरं पाणीदार फळ, फोडून त्याचा गारगार तुकडा तुझ्या हिरड्यांना लावला. रात्री तू सलग झोपायला लागलीस. माझ्या मांडीवर मात्र तू आलीस तरी आईचा हात तुला लागलेला हवा असायचा. आई नजरेआड गेली की ओठ पुढे. आणि मुंबईचा दिवस आला.

त्याच दिवशी मावशी आणि त्यांचे यजमान भाचीच्या लग्नाला गावी गेले होते. आजोबा आईबरोबर गेले. पहाटे गाडी निघाली तेव्हा आई दारात तीन वेळा परत आली; एकदा दुधाची बाटली दाखवायला, एकदा टोपी कुठे आहे सांगायला, आणि तिसऱ्यांदा नुसतं तुला पाहायला. घरात तू आणि मी, दोघीच.

तू सातला उठलीस, खोलीभर पाहिलंस, आणि रडलीस. ते आधीचं रडणं नव्हतं. आधीच्यात राग असायचा. यात शोध होता. तू मधेच थांबून दाराकडे कान द्यायचीस आणि मग पुन्हा. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, काम केलं, झोळीत घातलं, दोरी ओढली. तू दोरी धरलीही नाहीस. आठ वाजले. साडेआठ. मला वाटलं, मी आता फोन करणार आणि ती वैतरणा नदी ओलांडून गेलेली गाडी मागे फिरणार.

तुला खांद्यावर घेऊन मी वाडीत चालत सुटले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. नारळांच्या रांगेतून, केळीच्या कडेने. मावशी नव्हत्या म्हणून पंपाची मोटर आजोबांनी जाताना टायमरवर लावली होती आणि पाटाला पाणी सुटलं होतं. कोरड्या पाटातून पाणी कसं येतं ते तुम्हाला सांगायला हवं. आधी पाण्याची जीभ येते, पाला, माती, काड्या ढकलत, फेस धरून; भेगांत उतरते, थांबते, भरते, पुढे सरकते. तुझं रडणं थांबलं नाही, पण त्यात अंतर पडायला लागलं. मी वाकले, तू वाकलीस. पाण्याची जीभ आपल्या समोरून गेली. तू मान वळवून तिच्या मागे पाहिलंस आणि मग माझ्या पदराला धरून खाली ओढ घेतलीस.

मी खाली बसले. इस्त्रीची साडी, पाटाच्या चिखलात. तुला माझ्या दोन पायांच्या मधे, पाण्यात ठेवलं. पाणी गार होतं, खालची माती कोमट. तू पाण्यावर हात आपटलास. थांबलीस. पुन्हा आपटलास. चिखलाचा एक गोळा मुठीत धरलास, तो बोटांच्या फटींतून बाहेर आला, तू मूठ उघडून पाहिलीस तर आत काहीच नाही. मग तू माझ्या हातावर ती रिकामी मूठ ठेवलीस. पाणी आपल्या भोवतीने वाहत होतं आणि पुढच्या नारळाच्या आळ्यात भरत होतं. केळीच्या पानांतून उजेड हिरवा होऊन खाली येत होता. मला वेळेचं भान राहिलं नाही. दुधाची वेळ होऊन गेली असणार, कारण तू नंतर बाटली एका दमात संपवलीस.

तेवढ्यात फोन वाजला. आई आत जायच्या आधी बोलत होती, आत फोन नेता येत नव्हता. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रडते आहे का ती? खरं सांग."

मी फोन पाण्याजवळ धरला. तू हात आपटलास.

"हे काय आहे?"

"तुझी मुलगी पाटात बसली आहे. मीही."

मग म्हणाली, "टोपी घातलीस ना तिला?"

टोपी खुंटीवर होती. सावली आहे, मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

दुपारी तू झोळीत झोपलीस, मी खाली चटईवर. चारच्या सुमाराला तुला पुन्हा आईची आठवण झाली, आपण दोघींनी फाटकापर्यंत दहा-बारा फेऱ्या मारल्या, कोंबडी शोधली, ती सापडली नाही. सहाला गाडी आली तेव्हा तू माझ्या कडेवर होतीस, केसांत वाळलेला चिखल, हातात जामाचं पान.

आई गाडीतून उतरली आणि काम झालं असं तिने मान हलवून सांगितलं. ती धावत आली नाही. फाटकाशी उभी राहून आपल्याकडे पाहत राहिली. तू तिला पाहिलंस आणि एकदम दोन्ही हात पुढे केलेस, अर्थातच. ती तुला घेऊन ओटीच्या पायरीवर बसली. तू तिच्या गळ्यात तोंड खुपसलंस. मी पाणी आणायला आत वळले तर मागे तुझा आवाज आला, हाकेसारखा. आईच्या खांद्यावरून मान उचलून तू मी कुठे चालले ते पाहत होतीस.

आईनेही ते पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं आणि मग दुसरंच काहीतरी, जे मला ओळखू आलं, कारण तिला पहिल्यांदा शेजारणीकडे ठेवून मी कारखान्यात गेले होते त्या संध्याकाळी ते माझ्या चेहऱ्यावर असणार. मी पायरीवर तिच्या शेजारी बसले. तिने मला दिवसभराचं काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी ती जेवली, गरम, पोटभर, दोनदा भात घेऊन. ताटावरून उठताना मान वर न करता म्हणाली, "उद्या सकाळी ती उठली की तूच घेऊन जा तिला बाहेर. मला झोपायचं आहे."

दुसऱ्या दिवशी तुमची आई साडेदहापर्यंत झोपली होती. आपण दोघी बाहेर होतो.